कच्चं वाचन

माझ्या रेकॉर्ड केलेल्या वाचनात टिकटिक ऐकू यायला लागली, तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. टिकटिक चालूच राहिली. मग मनगटावरचं काढलं. मग वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे जाऊन, तुमच्याकडे दिवसभर काय ठोकत असतात, असं जरा तिरसटपणेच विचारून आले. त्या बिचाऱ्या तापाने फणफणल्या होत्या आणि घरात एकट्या होत्या. असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, टेबलावरच्या कॉम्प्युटरने खरवडल्यासारखा आवाज काढला आणि पडदा काळा झाला. त्याबरोबर टिकटिकही थांबली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी प्रूफं वाचते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला आहे, त्यामुळे स्वतःची चूक दिसली की माझं काय होतं ते विचारू नका. त्या सकाळी मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या छापण्यासारख्या नाहीत. कारण त्या डब्यात माझ्या भाचीचं अख्खं वर्ष होतं.

भाची म्हणजे भावाची मुलगी. लहानपणी भिंतीला हात लावून घरभर फिरायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. आता चोवीस वर्षांची आहे, तरी मुंगीच. तिला जन्मापासून दिसत नाही. फिजिओथेरपी शिकते आहे, आणि हातांना इतकी जाण आहे की माझी धरलेली मान तिने पाच मिनिटांत सोडवली होती. पण अभ्यासाला दोन जाडजूड पुस्तकं होती, ती मशीनच्या आवाजात धड ऐकता येत नव्हती. मशीन तळटीप वाक्याच्या मधोमध घुसवतं आणि तक्ते आडवे वाचायचे तर उभे वाचतं. भावाने विचारलं, तू वाचून देशील का? माझ्या तोंडून हो निघालं आणि मी अडकले. रोज कामावरून आल्यावर चाळीस मिनिटं, अशा एकशे शेहेचाळीस फायली झाल्या होत्या.

पहिल्या खेपेला मुंगी तोंडी परीक्षेत नापास झाली. संस्थेत संधी दोनच. दुसरी आणि शेवटची परीक्षा आता एकोणीस दिवसांवर आली होती, आणि उजळणी करायला हाताशी फारसं काही उरलं नव्हतं.

दुसरी प्रत का नव्हती, असं जो तो मला विचारतो. त्याचं उत्तर ऐकून लोक कपाळाला हात लावतात, पण आमच्या धंद्यात ते शहाणपण आहे. एकाच मजकुराच्या दोन प्रती फिरायला लागल्या की एकीत दुरुस्ती होते आणि छापायला दुसरी जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यापायी बोलणीही खाल्ली आहेत. म्हणून माझा नियम असा, की प्रत एकच. मुंगीकडे बटणांचा छोटा प्लेअर होता, त्यात जेमतेम आठ-दहा प्रकरणं मावायची. ती ऐकून झाली की ती पुसायची आणि मी पुढची पेन ड्राइव्हवर घालून न्यायची. घरी आले की पेन ड्राइव्ह रिकामी. प्रत एकच!

कॉम्प्युटरमध्ये माझे दोन फोल्डर असत. एकाचं नाव ‘कच्चे’ आणि दुसऱ्याचं ‘शुद्ध’. कच्च्यात मी सरळ वाचत जाई. मग बसून अडखळणं, खोकला, रस्त्यावरचे भोंगे, पाणी प्यायल्याचा घुटका, सगळं कापून काढायचं आणि जे स्वच्छ उरेल ते ‘शुद्ध’मध्ये टाकायचं. दर शनिवारी ‘कच्चे’ पूर्ण डिलीट. चाळीस मिनिटांच्या वाचनाला दीड तास साफसफाई लागायची. पण त्या फायली ऐकल्या असत्यात तर तुम्हालाही वाटलं असतं, की ही बाई श्वाससुद्धा घेत नाही.

तो डबा छातीशी धरून मी रिक्षाने, बिघडलेल्या डिस्कमधलं परत काढून देणाऱ्या डिस्कवालीकडे गेले. दोन जिने चढून एक खोली, खिडकीला जाड पडदा, टेबलावर दिवा आणि कप्प्याकप्प्यांत उघडलेल्या डिस्क. बाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलणं तुटक. त्यांनी डिस्क बाहेर काढली, कानाशी धरली आणि सुरू करून दोन सेकंदांत बंद केली.

“किती दिवस वाजत होती?”

“तीन आठवडे,” मी म्हटलं. “मला वाटलं घड्याळ आहे.”

त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

“आतली वाचायची सुई गेलीय, ताई. दुसऱ्या तशाच डिस्कमधली काढून हिला बसवते. पण ती किती वेळ टिकेल सांगता यायचं नाही. एक दिवस, नाहीतर एक तास.” त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद आणि पेन सरकवलं. “आधी काय काढू ते लिहा.”

“सगळंच हवंय हो.”

“सगळं असं लिहायचं नाही. पहिलं काय, दुसरं काय, तिसरं काय. तेवढंच हाती लागलं तर घरी जाऊन रडायला नको.”

त्यांच्याकडे ही रीतच होती. भिंतीवर खिळ्याला असे कितीतरी कागद अडकवलेले दिसत होते. मी पहिलं ‘शुद्ध’ लिहिलं. दुसरं काही सुचेना. माझे फोटो, बिलं, पत्रं, कशाचीच किंमत वाटेना. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवरही ‘शुद्ध’च लिहिलं आणि खाली उतरले.

तिथून मुंगीला सांगायला गेले. ती खाटेवर बसून स्वतःच्याच पावलाची हाडं बोटांनी मोजत होती. मी सगळं सांगून टाकलं, घड्याळासकट. ती आधी हसली आणि मग तिची बोटं पावलावरच थांबली.

“येईल गं परत,” ती म्हणाली. “तू जेवलीस का?”

मला तिचा राग आला. माणसाने निदान ओरडावं तरी.

बुधवारी डिस्कवालीचा फोन आला. मी कामावरून तशीच उठून गेले. 

“दोन गोष्टी सांगते,” त्या म्हणाल्या. “तुमचं ‘शुद्ध’ जिथे होतं तिथेच डिस्क खरवडलीय. अकरा फायली उघडतात, बाकीच्यांत नुसती खरखर आहे.”

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

“आता दुसरी. तुम्ही ज्या टाकून दिल्या होत्यात ना, त्या आल्यात. एकशे एकोणचाळीस.”

“पण त्या तर मी डिलीट केल्या होत्या! दर शनिवारी!”

“डिलीट केलं म्हणजे बरणीवरची चिठ्ठी फाडली. आतलं धान्य कुठे जातंय? त्या बरणीत दुसरं काही भरेपर्यंत ते तसंच राहतं. तुमच्या डिस्कवर जागा भरपूर होती, कुणी भरायला गेलं नाही. नावं तेवढी गेली, नुसते आकडे आहेत.”

जे जपलं ते गेलं होतं आणि जे फेकलं ते आलं होतं. आनंदाने रडावं की काय करावं ते कळेना. त्या बाईंनी चार दिवस ती मरायला टेकलेली डिस्क थांबत थांबत, गार होऊ देत, तुकड्या-तुकड्याने वाचून काढली होती. कागदावर मी लिहिलं नव्हतं तेही त्यांनी आपणहून शोधलं होतं. मी त्यांचे हात हातात घेतले, आणि त्या अवघडून गेल्या.

“प्रत्येक फाइल उघडते का ते बघायला थोडी थोडी ऐकावी लागली,” त्या म्हणाल्या. “गुडघ्याची मात्र पूर्ण ऐकली. माझ्या आईचा गुडघा दुखतो. वाटीच्या खाली काय काय असतं ते आज कळलं मला.”

त्यांनी पावती लिहून दिली. चार ओळींत तीन चुका होत्या. मी एकही दाखवली नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, माझ्याकडून याहून मोठे आभार आजवर कुणाला मिळालेले नाहीत. पावती नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.

जिना उतरता उतरता मात्र मी मधेच थांबले. कच्च्या फायली म्हणजे फक्त खोकला आणि भोंगे नव्हते. त्यात मी होते. खोलीत एकटी असताना जशी असते तशी. लेखकाला मूर्ख म्हणणारी, प्रकाशकाच्या नावाने बोटं मोडणारी. आणि त्यातल्या एका फाइलमध्ये मी मुंगीबद्दल बोलले होते. ती नापास झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी वाचायला बसले होते, आणि वाचता वाचता मधेच थांबून मोठ्याने म्हणाले होते, “एवढं घसा फोडून काय उपयोग? पास होणार आहे का ही?” नंतर ते कापून टाकलं होतं. आता ते परत आलं होतं, आणि एकशे एकोणचाळीसांपैकी नेमकं कशात होतं ते मला ठाऊक नव्हतं.

भावाकडून जुना लॅपटॉप मागून आणला. मुंगीला सांगितलं, आल्या आहेत, पण जरा साफ करून देते. आणि शोधायला बसले. दोन दिवस कामावर गेले नाही. दहा मिनिटं इथलं, पाच मिनिटं तिथलं, पुढे, मागे. स्वतःचाच आवाज ऐकून डोकं उठलं. शुक्रवारी दुपारी हिशेब केला, तर सगळं नीट ऐकायला नव्वद तास लागणार होते. परीक्षेला तेरा दिवस उरले होते.

तेव्हा मला माझीच लाज वाटली. पोरीच्या शेवटच्या संधीतले दोन दिवस मी खाऊन टाकले होते, आणि ते कशासाठी, तर आत्या किती चांगली आहे हे तिला वाटत राहावं म्हणून. मी उठले, तोंड धुतलं आणि सगळ्या फायली जशाच्या तशा घेऊन तिच्याकडे गेले.

“मुंगे, हे कच्चं आहे,” मी म्हटलं. “साफ केलेलं नाही. एका फाइलमध्ये मी तुझ्याबद्दल वाईट बोलले आहे.”

“किती वाईट?”

“बरंच.”

“कितव्या?”

“माहीत नाही. सापडली नाही.”

तिने हात पुढे केला. “बरं. आण इकडे.”

अर्ध्या दिवसात तिने सगळ्या फायली पहिल्या वाक्यावरून ओळखून क्रमाने लावल्या. लॅपटॉप तिच्याकडेच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला. मला वाटलं, सापडली वाटतं ती फाइल.

“आत्या, तू खांद्याची आकृती वाचताना स्वतःचा खांदा चाचपत होतीस?”

“मग काय करणार?” मी म्हटलं. “त्या चित्रात नुसते बाण आणि आकडे. कुठला बाण कुठे जातो ते कळल्याशिवाय मला पुढे वाचवत नाही.”

ते खरंच होतं. न कळलेल्या वाक्यावरून पुढे जायचं नाही, ही एकतीस वर्षांची खोड. आकृती आली की मी पुस्तक मांडीवर ठेवून अंगावर हात फिरवत बसे आणि तोंडाने बडबडत असे: “थांबा हं, पाठीवरचं हे चपटं हाड… याच्या वरच्या कडेला आडवा उंचवटा लागतोय, त्याच्या वर एक खळगा, खाली एक मोठा खळगा… हात उचलला की वरच्या खळग्यातलं काहीतरी हलतंय, म्हणजे बाण तीन हा असणार.” गुडघ्याच्या वेळी एक पाय खुर्चीवर ठेवून वीस मिनिटं घालवली होती. मग ते सगळं कापायचं. पुस्तकात नव्हतं ना ते.

“‘शुद्ध’मध्ये काय होतं माहितेय तुला?” मुंगी म्हणाली. “आकृती चार दोन पाहा. आकृती चार तीन पाहा. इतकंच.”

 वर्षभर मी एका न दिसणाऱ्या मुलीला, अगदी स्पष्ट उच्चारात, आकृती पाहा असं सांगत आले होते. आणि पहिल्या खेपेला ती ज्यात नापास झाली ते नेमकं हेच होतं: स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो, बोट ठेवून दाखवा. माझ्यासमोरून हजारो चुका गेल्या असतील, पण इतकी मोठी चूक मी कुणाची पाहिली नव्हती.

“मग तू बोलली का नाहीस?” माझा आवाज चढलाच. “एका शब्दाने सांगायचंस!”

“तू दमून भागून येऊन वाचतेस. त्यात आणखी काय मागू?”

“अगं, मागायचं!”

“मागितलं असतं तर तू रागावली असतीस.”

ते मात्र खोटं नव्हतं. मी रागावलेच असते, आणि मग रात्रभर तळमळून दुसऱ्या दिवशी सगळ्या आकृत्या वाचून दिल्या असत्या. पण ती एवढी उपकाराखाली दबलेली, की तिने माझ्यातली चूक काढलीच नाही. माझ्या आयुष्यात मला ज्या एका माणसाने प्रूफ तपासून द्यायला हवं होतं, ते माणूस माझे आभार मानत बसलं होतं. मी तिला फोनवरच सांगितलं, की यापुढे माझं काही चुकलं आणि तू गप्प बसलीस तर तंगडी मोडून ठेवीन.

“कुठली?” ती म्हणाली. “आकृती सांग.”

पुढचे बारा दिवस रोज संध्याकाळी मी तिच्याकडे जात होते. ती फाइल लावायची, माझा आवाज सांगायचा, वर खळगा आहे, खाली उंचवटा आहे, आणि तिची बोटं माझ्या खांद्यावर, कोपरावर, पोटरीवर ते ते शोधून काढायची. मी कुठे चुकीचं चाचपलं होतं तेही तिने बोट ठेवून दाखवलं. एका बाणाच्या बाबतीत तर पुस्तकच चुकलेलं निघालं. मला इतका आनंद झाला की मी प्रकाशकाला पत्र पाठवलं. त्या वाईट फाइलबद्दल मात्र तिने काही विचारलं नाही आणि मीही नाही. रोज तिच्या चेहऱ्याकडे बघायचे, ऐकली असेल का? काही कळायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. ती पाऊण तासाने काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, “खांदा विचारला. गुडघा विचारला. त्या सरांची मान आखडली होती, तीही मी सोडवून दिली.” तीन आठवड्यांनी निकाल लागला. पास. नुसती पास नाही, तोंडी परीक्षेत सगळ्यांत वर. भाऊ रडला, वहिनी रडली. मी आधी डिस्कवालीला फोन केला. त्या नेहमीसारख्या तुटकच बोलल्या, “छान. सांगा तिला.” पण मग म्हणाल्या, की तिचा दवाखाना सुरू झाला की आईला घेऊन येते.

त्या संध्याकाळी मुंगीच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मला आता राहवेना.

“ती फाइल,” मी म्हटलं. “ऐकलीस का?”

“पहिल्याच आठवड्यात.”

“मग?”

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि फाइल लावली. शोधावी लागली नाही. माझाच आवाज आला, पोटरीच्या स्नायूंबद्दल काहीतरी. मग थांबला. मग ते वाक्य, माझ्या आठवणीत होतं त्याहून वाईट सुरात. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, दूर जाणारी पावलं, आणि मग काहीच नाही. त्या दिवशी मी रेकॉर्डिंग बंद करायलाही विसरले होते. रिकामी खोली तशीच वाजत राहिली. मला सगळं आठवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भावाला फोन लावत होते, की माझ्याने आता होणार नाही, दुसरं कुणीतरी बघ. अर्धा नंबर फिरवला होता. पुढे का फिरवला नाही ते आजही सांगता येणार नाही.

“बंद कर गं,” मी म्हटलं. “मला माफ कर.”

तिने बंद केलं नाही. माझा हात धरून ठेवला. पुष्कळ वेळाने पावलं जवळ आली, खुर्ची सरकली, कुणीतरी नाक पुसलं. पान उलटल्याचा आवाज आला. “हं. पान दोनशे चौदा,” माझा आवाज म्हणाला, आणि वाचायला लागला.

“अकरा मिनिटं आहेत मधे,” मुंगी म्हणाली. “मी रोज सकाळी अभ्यासाला बसायच्या आधी ती ऐकायचे.”

“ती रिकामी अकरा मिनिटं?” मी म्हटलं. “त्यात ऐकण्यासारखं काय आहे?”

“शेवटी तू परत येतेस ना,” ती म्हणाली.